फ्रापे फ्रेमवर्क: सावद्याच्या केळी व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर यावर बांधलं, त्याचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. जिथं वही आहे, पावती आहे, उधारी आहे आणि कोणी कधी काय बदललं याची भानगड आहे असं वेब ॲप्लिकेशन बनवायचं असेल, म्हणजे व्यापारी, जिनिंग, डाळ मिल, शाळेची फी, हॉस्टेल वगैरे, तर फ्रापे (वेब सॉफ्टवेअर बांधायचा तयार पाया, यालाच फ्रेमवर्क म्हणतात) घ्या, डोळे झाकून नका घेऊ पण घ्या. आणि रील बघायचं ॲप किंवा लाखभर लोक एकाच वेळी तुटून पडतील असं काहीतरी करायचं असेल तर याच्या वाट्याला जाऊ नका. बाकीचं ज्यांना वाचायला वेळ आहे त्यांच्यासाठी.

आम्ही जळगावात दोघंतिघं मिळून सॉफ्टवेअरची कामं करतो. गिऱ्हाईक म्हणजे एमआयडीसीतले चटईवाले, डाळ मिलवाले, धरणगाव-अमळनेरकडचे जिनिंगवाले आणि रावेर, सावदा, फैजपूरचे केळीवाले. यांचं बजेट ऐकून पुण्याच्या कंपन्या फोन ठेवून देतात आणि काम मात्र अजिबात सोपं नसतं, कारण प्रत्येकाची वही वेगळी, कटतीचा (वजावटीचा) नियम वेगळा, एवढंच काय पट्टीवर, म्हणजे हिशोबाच्या कागदावर, रकाने कोणत्या क्रमानं पाहिजेत तेही वेगळं. तयार पॅकेज बसत नाही आणि शून्यापासून लिहायला पैसे नाहीत, या दोन्हीच्या मधली जागा आहे ना तिथं हे फ्रापे येतं.

कंपनीबद्दल थोडं, कारण मला वाटतं की टूल घेताना ते कोणाचं आहे, त्याचं पोट कशावर चालतं हे बघायलाच पाहिजे. फ्रापे ही मुंबईची कंपनी, रुषभ मेहता यांनी २००८ ला सुरू केलेली. घरचा फर्निचरचा धंदा, त्यात ईआरपी (धंद्याचा सगळा कारभार एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायला गेले आणि नाकी नऊ आले, मग स्वतःच लिहायला घेतलं, त्यातून ईआरपीनेक्स्ट झालं. आणि ईआरपीनेक्स्टच्या खालचा जो पाया होता, फॉर्म बनवायचा, परवानग्या द्यायच्या, रिपोर्ट काढायचा, तो वेगळा काढून फ्रापे फ्रेमवर्क म्हणून सगळ्यांना मोकळा केला. कित्येक वर्षं बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा न घेता छोट्या टीमवर चालले, २०२० ला शेअर ब्रोकर झिरोधाच्या रेनमॅटर या गुंतवणूक शाखेनं पैसे घातले, आणि झिरोधा स्वतः ईआरपीनेक्स्ट वापरतं पण. आज त्यांना अगदी छोटी स्टार्टअप म्हणता येणार नाही, एचआर, सीआरएम, हेल्पडेस्क, वेबसाईट बिल्डर, लर्निंग असं बरंच काही काढलंय, पण सगळं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना मोकळा. कमाई होस्टिंगवर आणि सपोर्टवर. मला यातलं सगळ्यात काय आवडलं तर दोन आवृत्त्या नाहीत, की फुकटवाली लंगडी आणि पैसेवाली धडधाकट. जो कोड ते वापरतात तोच आपल्याला मिळतो.

लायसन्सचं आपल्याकडं कोणी बघत नाही पण बघा. फ्रेमवर्क एमआयटी लायसन्सखाली आहे, म्हणजे त्यावर तुम्ही स्वतःचं ॲप बांधून विकलं, कोड दाखवला नाही, तरी चालतं. ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३ खाली आहे, त्यात बदल करून गिऱ्हाईकाला दिलं तर सोर्सही द्यायला लागतो. आम्ही सोर्स देतोच त्यामुळं आम्हाला फरक पडत नाही, पण ज्यांना पुढं प्रॉडक्ट म्हणून विकायचंय त्यांनी आपलं ॲप सरळ फ्रेमवर्कवर उभं करावं, ईआरपीनेक्स्टच्या पोटात शिरू नये.

आता सावद्याचं काम. शेठ केळीचे व्यापारी, घरात तीन पिढ्यांचा धंदा. आधी एका सॉफ्टवेअरवाल्याकडून ऑनलाईन काहीतरी घेतलं होतं, नाव घेत नाही, त्यानं दर वर्षी भाडं वाढवलं, आणि सोडायचं म्हटल्यावर डेटा मागितला तर हातात पीडीएफचा गठ्ठा दिला. शेतकऱ्यांची यादी, उचल, मागची बाकी, सगळं पीडीएफमधे, आता करा टाईप. त्यामुळं शेठनी आम्हाला पहिल्याच बैठकीत एकच विचारलं, "आपली वही दुसऱ्याच्या घरी कायले ठेवायची भो? कम्प्युटर आपल्याच हाफिसात पाहिजे." माणूस फार शिकलेला नाही पण ओपन सोर्सवर इतकं नेमकं मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही.

इन्स्टॉलेशन पहिले बोलून घेतो कारण निम्मे लोक इथंच गळतात. फ्रापेला लिनक्स लागतं किंवा मॅक. विंडोजवर सरळ चालत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) किंवा डॉकर घ्यावं लागतं. आवृत्ती १५ ला पायथन ३.१०, नोड १८, मारियाडीबी १०.६ (डेटाबेस), रेडिस (तात्पुरता डेटा धरणारं), पीडीएफसाठी डब्ल्यूकेएचटीएमएल-टू-पीडीएफ, एवढा सगळा बारदाना आधी बसवायचा आणि मग बेंच नावाचं त्यांचं कमांडवालं टूल येतं. बेंच एकदा बसला की मग मजा आहे, न्यू-साईट म्हटलं की नवीन डेटाबेससकट साईट तयार, गेट-ॲप म्हटलं की ॲप उतरलं, मायग्रेट म्हटलं की टेबलं बदलली. एकाच बेंचवर दहा साईट चालतात आणि प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा, त्यामुळं एका गिऱ्हाईकाचं दुसऱ्यात मिसळायचा प्रश्न नाही. पण ज्याला लिनक्सची टर्मिनल बघून घाम फुटतो त्यानं आधी तेवढं शिकून घ्यावं. कॉलेजच्या लॅबमधे सगळं विंडोज, त्यामुळं आपल्याकडची पोरं इथं अडकतात, पोरांचा दोष नाही.

बसवल्यावर खरी गोष्ट सुरू होते ती म्हणजे डॉकटाईप. फ्रापेत सगळं डॉकटाईप आहे. ब्राउझरमधेच तुम्ही सांगायचं की मला "केळी आवक" नावाचा कागद पाहिजे, त्यात शेतकरी, गाव, बागेचा प्रकार, गाडी नंबर, तारीख, बोर्ड भाव, फरक असे रकाने पाहिजेत, सेव्ह केलं की खाली डेटाबेसमधे टेबल तयार, वर फॉर्म तयार, यादी तयार, शोधायची सोय तयार, एक्सेलमधून आणायची सोय तयार, आणि बाहेरच्या प्रोग्रामला याच्याशी बोलायला एपीआय पण तयार. यातलं एकही काम तुम्ही कोडमधे लिहिलेलं नसतं. म्हणजे शेतात बोअर झालेली, मोटर बसलेली, मेन लाईन पुरलेली मिळाली, आपण फक्त आपल्या पिकाच्या हिशोबानं ठिबकच्या नळ्या सोडायच्या. दुसऱ्या कुठल्याही फ्रेमवर्कमधे हे करता येतं, येतं की, पण लॉगिन, रोल, यादी, फिल्टर, एक्स्पोर्ट याच गोष्टी प्रत्येक गिऱ्हाईकासाठी परत परत लिहिण्यात पहिला महिना जातो आणि गिऱ्हाईकाला दाखवायला काही नसतं.

आमचा आवकेचा फॉर्म कसा झाला ते जरा बारकाईनं सांगतो म्हणजे अंदाज येईल. बागेचा प्रकार सिलेक्ट फील्ड, त्यात नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी, कारण भाव त्यावर ठरतो. रावेर बाजार समितीचा रोजचा भाव वेगळ्या डॉकटाईपमधे, तारीख आणि प्रकार यावरून तो आवकेत आपोआप ओढला जातो, वर फरक किती ते मुनीमजी हातानं टाकतात. वजनासाठी चाईल्ड टेबल, एका कापणीचे दोनतीन ट्रॅक्टर असतात ना, प्रत्येकाची एक ओळ, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. खाली दांड्याची घट, हमाली, उचल वजा होऊन देणं रक्कम. ही बेरीज-वजाबाकी फॉर्मवर लगेच दिसावी म्हणून क्लायंट स्क्रिप्ट, पण माझा सल्ला असा की खरा हिशोब पायथनमधे, डॉकटाईपच्या व्हॅलिडेट (सेव्ह होण्याआधी सर्व्हरवर चालणाऱ्या) फंक्शनमधेच करा. क्लायंट स्क्रिप्ट ब्राउझरमधे चालते, एक्सेलमधून डेटा आणला किंवा एपीआयनं टाकला तर ती चालतच नाही आणि मग रक्कम शून्य दिसते आणि मुनीमजी तुमच्याकडं अशा नजरेनं बघतात की बस.

शेतकरी निवडायचं फील्ड लिंक टाईपचं, म्हणजे दुसऱ्या डॉकटाईपमधल्या यादीतून निवडायचं. आता आपल्याकडं एका गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे चार जण असणं ही रोजची गोष्ट, नुसतं नाव दाखवून भागत नाही. डॉकटाईपमधे सर्च फील्ड्स म्हणून एक रकाना आहे, त्यात वडलांचं नाव, गाव, मोबाईल असं लिहून ठेवलं की नाव टाईप करताना खाली बारीक अक्षरात ते सगळं दिसतं. आणि शेतकऱ्याचा आतला कोड नंबर असला तरी फॉर्मवर नाव दिसावं म्हणून "शो टायटल इन लिंक फील्ड्स" चालू करायचं. एवढ्याशा दोन सेटिंगनं मुनीमजींचा अर्धा विरोध मावळला. त्यांचं आधीचं म्हणणं होतं की वहीत मी पान बघून माणूस ओळखतो, तुमच्या कम्प्युटरात सगळे सारखेच.

मला या फ्रेमवर्कमधली सगळ्यात दमदार गोष्ट कोणती वाटते तर सबमिट, कॅन्सल, अमेंड. कागद आधी ड्राफ्ट असतो, हवं तेवढं बदला. एकदा सबमिट केला की कुलूप. चूक सापडली तर कॅन्सल करायचा, मग अमेंड करायचा, तेव्हा जुन्याच नंबराच्या शेवटी वजा एक लागून नवा कागद तयार होतो आणि जुना रद्द म्हणून तिथंच राहतो, कुठं गायब होत नाही. आम्ही सबमिट मुनीमजींना दिलं आणि कॅन्सल फक्त शेठला. ट्रॅक चेंजेस चालू केलं की कोणी किती वाजता फरक पन्नासचा साठ केला ते पण खाली दिसतं. हे दाखवल्यावर शेठ खुर्चीत सरळ होऊन बसले, मुनीमजी जरा गप्प झाले, मग म्हणाले, "बरं आहे भाऊ, उद्या माझ्यावर कोणी नाव घ्यायला नको." आणि हे बरोबरच आहे, अशा नोंदीनं प्रामाणिक माणसाचंच रक्षण होतं.

परवानग्या पण फार बारीक देता येतात. रोलप्रमाणे, शाखेप्रमाणे, अगदी फॉर्ममधल्या एकेका फील्डप्रमाणे. रावेरच्या हापिसातल्या पोराला सावद्याची आवक दिसत नाही, आणि फरकाचा रकाना मुनीमजी सोडून कोणाला बदलता येत नाही. परमिशन लेव्हल हा प्रकार समजायला जरा वेळ लागतो, शून्यपासून नऊपर्यंत पातळ्या आहेत, आणि पहिल्यांदा बघताना डोकं गरगरतं. कागदावर तक्ता काढून मगच सेट करा.

मराठीचं काय हा प्रश्न सगळे विचारतात. डेटा मराठीत टाकायला काहीच अडचण नाही, नावं, गावं, शेरा सगळं देवनागरीत छान बसतं आणि शोधता येतं. पण डॉकटाईप बनवताना लेबलं इंग्रजीत ठेवा आणि त्यावर ट्रान्सलेशन नावाच्या डॉकटाईपमधे मराठी शब्द द्या, म्हणजे युजरची भाषा मराठी केली की फॉर्म मराठीत. फील्डचं आतलं नाव कोडमधे वापरायचं असतं, ते साधं इंग्रजीच असलेलं बरं. फ्रेमवर्कची स्वतःची बटणं, मेसेज यांचं मराठी जिथं आहे तिथं काही शब्द असे जड आहेत की मुनीमजींना इंग्रजी बरं वाटलं, ते आम्ही ट्रान्सलेशनमधे जाऊन आपल्या बोलीतले टाकले. ही पण ओपन सोर्सचीच सोय म्हणा. आकड्यांचं मात्र मस्त आहे, नंबर फॉरमॅटमधे लाख-कोटीवाला स्वल्पविराम निवडता येतो, आणि अक्षरी रक्कम पण मग लाखातच येते, मिलियनमधे नाही. आमच्या पट्टीवर ती अक्षरी रक्कम इंग्रजीत यायची, शेठना मराठीत पाहिजे होती, तर त्यासाठी छोटं पायथन फंक्शन लिहिलं. सोपं आहे असं वाटतं पण मराठीत नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला वेगळं नाव, एकोणसाठ काय, त्र्याहत्तर काय, जोडून बनवता येत नाही, सरळ शंभर शब्दांची यादीच टाकायला लागते.

छपाई. इथं थांबून वाचा कारण पहिल्या दिवशी हमखास पोपट होतो. पट्टीचा प्रिंट फॉरमॅट जिंजा टेम्प्लेटमधे (एचटीएमएलमधे मधे मधे डेटाच्या जागा ठेवायची पद्धत) लिहायचा, एचटीएमएल येत असेल तर अर्ध्या दिवसाचं काम, लेटरहेड वगैरे सगळं. पण पीडीएफ सर्व्हरवर तयार होतो, तुमच्या ब्राउझरमधे नाही, त्यामुळं सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी नुसते चौकोन. नोटो किंवा लोहित फॉन्ट सर्व्हरवर टाकायचा आणि टेम्प्लेटमधे त्याचं नाव द्यायचं, झालं. दुसरं म्हणजे ते पीडीएफवालं टूल (डब्ल्यूकेएचटीएमएल-टू-पीडीएफ) पॅच केलेल्या क्यूटी लायब्ररीवालंच लागतं, उबुंटूच्या नेहमीच्या रेपॉझिटरीतलं घेतलं तर हेडर-फूटर नीट येत नाहीत. आणि ते टूल त्याच्या मूळ लोकांनी जानेवारी २०२३ मधे अर्काईव्ह केलंय, पुढं त्याची सुधारणा होणार नाही, ही गोष्ट मनात ठेवा. डॉट मॅट्रिक्सवर छापायचं असेल तर पीडीएफच्या भानगडीत न पडता सरळ ब्राउझरमधून प्रिंट द्या.

सर्व्हर कुठं ठेवला? हाफिसातच, शेठच्या म्हणण्याप्रमाणं. एक सेकंडहँड डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, एसएसडी नवीन, उबुंटू, मागं बऱ्यापैकी युपीएस. चार जीबीत पण चालतं पण ओढाताण होते, कारण वेब सर्व्हर, बॅकग्राउंडचे वर्कर, शेड्युलर, रेडिस, मारियाडीबी, सगळे एकाच मशीनवर बसलेले असतात. फायदा असा की इंटरनेट गेलं तरी हाफिसातल्या हाफिसात वायफायवर काम चालू, तीनही टेबलं चालू, पट्ट्या निघतात. केळीच्या सीझनला रात्री उशिरापर्यंत गाड्या भरणं चालतं, तेव्हा नेट नाही म्हणून शेतकऱ्याला उद्या या म्हणता येत नाही. एकच, मशीनची खोली. आपल्याकडं मे महिन्यात भुसावळ-जळगावचं ४५ च्या वर जातं आणि युपीएस, डेस्कटॉप, राऊटर एका लाकडी कपाटात कोंबून दार लावून घेतलं तर भट्टीच. कपाटाची मागची फळी काढायला लावली, पंखा लावला.

बॅकअप. बेंच बॅकअप म्हटलं की डेटाबेसची झिप फाईल तयार होते, विथ-फाईल्स म्हटलं तर जोडलेले फोटो-पावत्या पण. ठराविक वेळानं आपोआप पण होतो. पण ते सगळं त्याच डिस्कवर पडतं आणि जुने बॅकअप मागून पुसले जातात, कॉन्फिगरेशनमधे सांगितल्याशिवाय शेवटचे मोजकेच राहतात. म्हणजे डिस्क गेली तर बॅकअपसकट गेलं. रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर किंवा दुसऱ्या जागी कॉपी जाईल अशी स्क्रिप्ट लावा, आणि साईट कॉन्फिगमधली एन्क्रिप्शन की वेगळी जपून ठेवा, ती हरवली तर रिस्टोअर केल्यावर आत साठवलेले ईमेल वगैरेचे पासवर्ड उघडत नाहीत. स्वतःच्या घरात वही ठेवायची म्हटल्यावर ती राखायची जबाबदारीही आपलीच आली, हे गिऱ्हाईकाला आधी स्पष्ट सांगा. आम्ही तर लिहून घेतो.

आता नावडतं. डेस्क, म्हणजे आतली मुख्य स्क्रीन, कामाला चोख आहे पण दिसायला आणि वागायला जुन्या वळणाची. नव्या ॲपांसाठी त्यांनी व्ह्यू (Vue, स्क्रीन बनवायचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) यावर फ्रापे-यूआय काढलंय, ते देखणं आहे, पण त्यात फॉर्म परत हातानं बांधावा लागतो, म्हणजे डॉकटाईपची जी फुकटची मेजवानी होती त्यातली बरीच हातची जाते. मोबाईलवर डेस्क उघडतं, यादी बघायला, एखादी मंजुरी द्यायला ठीक, पण शेतात उभं राहून चाईल्ड टेबलमधे पाच ओळी भरणं म्हणजे शिक्षा. आणि नेट नसताना फोनवर भरून ठेवायचं, मग नेट आलं की चढवायचं, असं तयार काही मिळत नाही. ज्यांचं काम बांधावर चालतं त्यांनी त्यासाठी वेगळं छोटं मोबाईल ॲप लिहून एपीआयला जोडावं.

डॉक्युमेंटेशन सुरुवातीला बोट धरून नेतं, ट्युटोरियल छान आहे, लायब्ररीचं ॲप बनवायला शिकवतात. पण चार पायऱ्या खाली उतरलं की बोट सोडतं आणि मग सोर्स वाचायचा. मला सोर्स वाचायला आवडतं, कोड पण बऱ्यापैकी स्वच्छ आहे, ईआरपीनेक्स्टमधे जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुठंतरी लिहिलेलं सापडतंच. पण नवीन पोराला हे सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. तसंच आवृत्ती १५ पासून सर्व्हर स्क्रिप्ट (ब्राउझरमधूनच लिहून सर्व्हरवर चालवायचा पायथन कोड) सुरुवातीला बंद असते, सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण जुने लेख वाचून काम करणारा दोन तास डोकं आपटतो, कॉन्फिगमधे चालू करायची असते हे कोणी सांगत नाही.

आणि एक सवयीची गोष्ट. फ्रापेच्या चालीनं चाललात तर पळतो, स्वतःची चाल लावायला गेलात तर अडतो. प्रत्येक गोष्ट कागद म्हणून मांडता आली पाहिजे. आमचं नशीब की व्यापाऱ्याचं जग कागदाचंच आहे, आवक कागद, पट्टी कागद, गाडीची बिल्टी कागद, त्यामुळं जुळलं. आणखी एक कडक नियम आम्ही ठेवलाय, फ्रेमवर्कच्या किंवा ईआरपीनेक्स्टच्या मूळ कोडला हात लावायचा नाही. कस्टम फील्ड, हुक्स (मूळ कोडला न छेडता आपला कोड अडकवायच्या जागा), स्वतःचं ॲप, यातूनच सगळं करायचं, ते अपडेटनंतर टिकतं. मूळ फाईलीत घुसून बदललं की पुढच्या अपडेटला सगळं विस्कटणार, आणि मग लोक म्हणतात फ्रापे खराब आहे.

फ्रापे क्लाऊडवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या होस्टिंगवर, फार लिहीत नाही कारण आमचं बहुतेक काम गिऱ्हाईकाच्या मशीनवर. बघितलंय, सोपं आहे, अपडेट आणि बॅकअपची कटकट त्यांच्याकडं जाते. पण स्वतःचं ॲप टाकायचं असेल तर वेगळा खासगी बेंच घ्यावा लागतो आणि मग महिन्याचा आकडा वाढतो. तिथूनही बॅकअप उतरवून घेऊन स्वतःच्या मशीनवर चढवता येतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दुसरं काय घेता आलं असतं? जँगो, पायथनचंच दुसरं फ्रेमवर्क, आम्हाला येतं, त्याचं ॲडमिन पण चांगलं, पण ते आतल्या माणसांसाठी आहे, मुनीमजींच्या हातात देण्यासारखं करायचं तर वर बरंच बांधकाम. लॅराव्हेलवाले (पीएचपीचं फ्रेमवर्क) मित्र त्यावरच्या फिलामेंटचं कौतुक करतात, पीएचपीवाल्यांनी ते जरूर बघावं. ओडू ही दुसरी ईआरपी तयार मॉड्यूलमधे भारी आहे पण त्यातला काही भाग एंटरप्राईझमधे, पैसे देऊनच, आणि आम्हाला तोच तर प्रकार नको होता. जीएसटीचं ई-इन्व्हॉईस, ई-वे बिल पाहिजे असेल तर ईआरपीनेक्स्टबरोबर इंडिया कंप्लायन्स नावाचं ओपन सोर्स ॲप जोडतात, आमच्या डाळ मिलवाल्याला ते लागलं. केळी व्यापाऱ्याला त्याची गरज पडली नाही, तिथं नुसतं फ्रेमवर्क आणि आमचं छोटं ॲप.

विद्यापीठाच्या, बांभोरीच्या, शिरपूरच्या, फैजपूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी हे वाचलं तर त्यांना एक सांगतो. सगळे रिॲक्ट शिकून पुण्याची गाडी पकडतात, पकडा, पण त्याआधी एखाद्या सुट्टीत फ्रापे बसवून गल्लीतल्या किराणावाल्याची उधारी वही यात मांडून बघा. पायथन येईल, डेटाबेस कळेल, आणि मुख्य म्हणजे परवानगी, रद्द करणं, बदलाची नोंद या गोष्टी खऱ्या धंद्यात का लागतात ते कळेल, जे कुठल्याच प्रॅक्टिकलच्या जर्नलमधे नसतं.

वजनकाट्याचं वजन सरळ फ्रापेत आणता येतं का असं दोघाजणांनी विचारलं म्हणून तेवढं लिहितो. वजनकाट्याच्या इंडिकेटरला मागं सिरियल पोर्ट असतो, त्यातून वजन सतत बाहेर येत असतं. फ्रापेत यासाठी तयार काही नाही. काट्याच्या खोलीतल्या कम्प्युटरवर पायथनची छोटी स्क्रिप्ट ठेवायची, ती पायसिरियल या पायथन लायब्ररीनं पोर्ट वाचते, आकडा स्थिर झाला की फ्रापेच्या एपीआयला पाठवते, एपीआय की आणि सिक्रेट त्या कम्प्युटरसाठी वेगळा युजर काढून द्यायचा आणि त्या युजरला फक्त वजनाची नोंद तयार करायची परवानगी, बाकी काही नाही. प्रत्येक कंपनीच्या इंडिकेटरचा बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) आणि आकडा पाठवायची पद्धत वेगळी असते, त्यामुळं मॅन्युअल शोधून ठेवा, नसेल तर काटा दुरुस्तीवाल्याला विचारा, त्याला पाठ असतं. कोणाला ती स्क्रिप्ट हवी असेल तर मोकळी करून टाकतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त तुमच्या इंडिकेटरचा मॉडेल नंबर सांगा.